द्राक्षमळ्यांतील एक फसलेलें जेवण

प्रवासास निघालेल्या कुटुंबानें दुपारीं जेवावें कोठें, हा प्रश्न आमच्या आजोबांच्या पिढीला फारसा पडत नसे. दशम्या, मेतकूट, तिळाची चटणी, लिंबाचें लोणचें आणि ताकाचा तांब्या एवढी शिदोरी बरोबर असली, म्हणजे कोणत्याही देवळाची ओसरी किंवा आमराईची सावली हें त्यांचें भोजनगृह होई. आतां शिदोरी बांधणारे हात घरांत कमी झाले, मोटारींनीं अंतरें आंखूड केलीं, आणि "बाहेर जेवूं" हें कलम सहलीच्या कार्यक्रमांत सर्वांत आधीं ठरूं लागलें. यांत वाईट कांहीं नाहीं. घरांतील स्त्रियांना वर्षांतून चार दिवस चुलीपासून सुटका मिळत असेल, तर तिचें स्वागतच केलें पाहिजे. परंतु ज्याच्या भरंवशावर शिदोरी घरीं ठेवली, त्या भोजनगृहानें आपलें काम नीट करावें, ही अपेक्षा अवाजवी म्हणतां येणार नाहीं. ती अपेक्षा कशी भंग पावते, आणि तिच्याबरोबर कुटुंबाची आणखी कोणती हानि होऊं शकते, याचा एक अनुभव या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नाशिक म्हटलें कीं पूर्वीं गोदेचा घाट, पंचवटी, त्र्यंबकेश्वर आणि कुंभमेळा हींच नांवें ओठांवर येत. अलीकडे त्यांत द्राक्षमळ्यांची भर पडली आहे. खाण्याचीं द्राक्षें ओझर, पिंपळगांव, निफाड, दिंडोरी या बाजूंस फार दिवसांपासून पिकत आहेत. परंतु वाइनसाठीं म्हणून मुद्दाम लावलेल्या वेलींचा पसारा अगदीं अलीकडचा. पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथें १९८० नंतरच्या दशकांत हा धंदा उभा राहिला. नाशिकांत तो १९९९-२००० च्या सुमारास जोमानें रुजला. आणि २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें स्वतंत्र धोरण जाहीर करून करांत सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें या उद्योगासाठीं जागा राखून दिल्या, तेव्हांपासून तो झपाट्यानें वाढला. "नाशिक व्हॅली वाइन" या नांवाला पुढें भौगोलिक मानांकनही मिळालें. मळा झाला, कारखाना झाला. मग मालकांनीं पाहुण्यांसाठीं चव पाहण्याचे कक्ष काढले, आणि त्यांना लागून भोजनगृहें थाटलीं. शनिवारीं-रविवारीं मुंबई-पुण्याच्या मोटारींची तेथें रीघ लागलेली दिसते.

द्राक्षापासून मद्य करण्याची कला सर्वस्वीं परकी आहे, असा आपल्यांतील कित्येकांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत द्राक्षरसाच्या मद्याला 'मधु' असें म्हटलें असून, त्याचे प्रकार तें ज्या प्रदेशांत होई त्यांच्या नांवांवरून सांगितले आहेत; 'कापिशायन' हा त्यांतील एक. आज बाटलीवर खोऱ्याचें नांव घालण्याची जी रीत आहे, तिचाच हा जुना नमुना म्हणावयाचा. वैद्यांच्या द्राक्षासवाची आणि द्राक्षारिष्टाची बाटली तर अनेक सोंवळ्या घरांच्या फडताळांत सुखानें नांदली आहे. ती औषध म्हणून चमच्यानें घ्यावयाची आणि ही हौस म्हणून पेल्यानें, हा भेद मोठा आहे हें आम्ही जाणतों. घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न ज्या त्या प्रौढ मनुष्यानें आपल्या प्रकृतीला, व्रताला आणि विवेकाला विचारून सोडवावा. तो या लेखाचा विषय नव्हे. एकाच टेबलाशीं घेणारीं आणि न घेणारीं अशीं दोन्ही प्रकारचीं माणसें बसलीं, म्हणजे यजमानाचें कर्तव्य काय, एवढाच आमचा विषय आहे.

आमच्या पुतण्याला तीन वर्षांसाठीं परदेशीं नोकरी मिळाली. तो आणि सूनबाई निघण्यापूर्वीं सर्वांनीं मिळून त्र्यंबकेश्वरीं दर्शनास जावें, असें घरांत ठरलें. आणि परत येतांना एका द्राक्षमळ्यांत जेवावें, अशी तरुण मंडळींची इच्छा पडली. आम्ही सारीं मिळून अकरा माणसें. त्यांत सर्वांत धाकटें सात वर्षांचें, आणि सर्वांत वडील आमच्या आत्याबाई, वय ८१. आत्याबाई कांदा-लसूण खात नाहींत, आणि जेथें मद्य दिलें जातें अशा ठिकाणीं आजवर कधीं बसल्या नव्हत्या. त्यांना सोडून जाणें कोणालाच बरें वाटेना, आणि त्यांना घेऊन तेथें जाणें कित्येकांना प्रशस्त वाटेना. पंधरा दिवस घरांत हा खल चालला होता. वडीलधारे गप्प बसत, तरुण मंडळी बेत रद्द करण्याची भाषा करीत. अखेर आत्याबाईंनींच निकाल दिला. त्या म्हणाल्या, "माझ्या पानांत कोणी ओतणार नाहीं ना? मग मुलांच्या पेल्याकडे मी कशाला बघूं? सगळीं एके ठिकाणीं बसणार असाल, तर मी येतें."

एकत्र कुटुंबांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे, त्यांस या तीन वाक्यांचें मोल सांगावयास नको. ८१ वर्षांच्या स्त्रीनें आपला नेम तसूभरही न सोडतां दुसऱ्यांना जागा करून द्यावी, ही कांहीं रोज घडणारी गोष्ट नव्हे. म्हणून आम्हीं जाण्यापूर्वीं चार दिवस दूरध्वनीवरून टेबल राखून ठेवलें, अकरा माणसें साडेबारा वाजतां येतील असें कळविलें, आणि एका वृद्ध बाईंना कांदा-लसूण चालत नाहीं हेंही स्पष्ट सांगितलें. पलीकडून "सर्व सोय होईल" असें उत्तर आलें.

न्यायाची गोष्ट आधीं सांगितली पाहिजे. मळा आणि कारखाना दाखविण्याचें काम त्या मंडळींनीं फार चांगलें केलें. फेब्रुवारीचे दिवस असल्यामुळें तोडणी चालू होती. दाखविणारा तरुण दिंडोरीकडचाच, द्राक्षें पिकविणाऱ्या घरांतला. युरोपांत थंडीनें वेल आपोआप पानें टाकतो व विसांवा घेतो. आपल्याकडे तो सदा जागा, म्हणून एप्रिलच्या सुमारास एक खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी फळांची छाटणी करून त्याला शिस्त लावावी लागते, हें त्यानें वेलीवरच दाखवून दिलें. काळ्या द्राक्षाचा रसही बहुतेक रंगहीनच असतो. लाल वाइनला रंग येतो तो रसाबरोबर साली आंबविल्यामुळें, आणि पांढरीच्या वेळीं रस आधींच पिळून घेतात, हें त्यानें एक मणी चिमटींत दाबून सिद्ध केलें. आत्याबाईंच्या माहेरीं विहिरीवर द्राक्षाचा वेल होता. त्यांनीं विचारलें, "अरे, आतां बिनबियांचीं द्राक्षें मिळत असतांना हीं बियांचीं, जाड सालीचीं कां लावतां?" तो म्हणाला, "आजी, खाणाऱ्याला साल आणि बी नको असतें. वाइनला तुरटपणा त्यांतूनच मिळतो." आत्याबाई प्रसन्न झाल्या. येथवर सर्व ठीक होतें.

साडेबाराचें टेबल आम्हांस मिळालें सवा वाजतां. मधल्या वेळांत पाणी मागितलें तर विकतच्या बाटल्या आल्या, आणि बसावयाचें असेल तर मद्यकक्षांत बसावें असें सुचविण्यांत आलें. आत्याबाई एका कठड्यावर बसून राहिल्या. पुढें आलेलें पदार्थांचें पत्रक फक्त इंग्रजींत होतें. त्यांत पिझ्झा होता, पास्ता होता, तीन प्रकारचीं सूप होतीं. परंतु ज्या मातींत आम्ही बसलों होतों, तिच्यांतला म्हणून ओळखूं येईल असा एक पदार्थ नव्हता. कांदा-लसणाविषयीं चार दिवसांपूर्वीं दिलेली सूचना कोणास ठाऊकच नव्हती. पास्त्याचा रस्सा लसणाचा, सूप तयार करून ठेवलेलें, पिझ्झ्यावरील लेप कांद्याचा. साधा दहीभात करून द्याल का, असें विचारतां वाढप्यानें मुख्य वाढप्याकडे पाहिलें, मुख्य वाढप्यानें पत्रकाकडे पाहिलें, आणि "हा पदार्थ पत्रकांत नाहीं" असें सांगितलें.

पाऊण तासानें जेवण आलें, तेंही एकदम नव्हे. मुलांचे पिझ्झे आले, कडा करपलेल्या आणि मधला भाग कच्चा व गार. ते संपल्यावर मोठ्यांचा पास्ता आला. तो इतका शिजला होता कीं काट्यावर ठरेना, आणि रश्श्यांतील तेल वेगळें होऊन बशीच्या कडेला उभें राहिलें होतें. आत्याबाईंपुढें पावाचे दोन भाजलेले तुकडे, लोण्याची एक चकती आणि काकडीच्या चकत्या आल्या. गोडांत द्राक्षांचें कांहीं आहे काय, असें सूनबाईनें विचारलें. चॉकलेटचा केक आहे, असें उत्तर मिळालें. साधीं द्राक्षें? तीं नाहींत. भर फेब्रुवारींत, नाशिकांत, द्राक्षमळ्याच्या मध्यभागीं द्राक्षाचा एक मणीही जेवणाऱ्याच्या वाट्याला येऊं नये, याचा अर्थ आम्हांस अजून लागलेला नाहीं.

आतां ज्या वस्तूसाठीं तें स्थळ प्रसिद्ध, तिची गोष्ट. पुतण्यानें लाल वाइनचा पेला मागविला. दुपारचें उष्णमान तीस अंशांच्या वर होतें आणि पेला त्याच मानाचा कोमट होता. लाल वाइन "खोलीच्या उष्णतेची" द्यावी असा एक संकेत आहे; परंतु ती खोली युरोपांतील थंड घरांतली, सुमारें १६ ते १८ अंशांची, हें तेथें कोणी कोणास सांगितलेलें दिसलें नाहीं. शिवाय ती बाटली आदल्या दिवशीं उघडलेली असावी. उघड्या वाइनला हवा लागून लागून तिचा वास उतरतो, आणि पुढें हवेंतल्या जंतूंनीं ती शिरक्याच्या वाटेला लागते. त्या पेल्याला तसाच आंबूस दर्प येत होता. बदलून मागतां "लाल वाइन अशीच असते" असा उपदेश मिळाला. सूनबाईची पांढरी वाइन थंड करून ठेवलेली नव्हती, म्हणून तींत बर्फाचे खडे घालून आणली. ते विरघळले आणि वाइन पाण्यासारखी झाली. ज्या घरानें वर्षभर वेलीला जपावयाचें, पहांटेच्या थंडाव्यांत द्राक्षें तोडावयाचीं, पोलादी टाक्यांत रस गार ठेवून आंबवावयाचा, त्यानेंच शेवटच्या वीस पावलांत त्या साऱ्या श्रमांवर असें पाणी घालावें, याचा विषाद त्या दाखविणाऱ्या तरुणाला आमच्याहून अधिक झाला असता. सुदैवानें तो तेथें नव्हता.

आणि एक गोष्ट. आम्ही बसलों होतों त्या पडवीच्या मागें सेवकांचा स्वयंपाक चालला होता. हिंगाची फोडणी पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग वरणाचा वास. आत्याबाईंनीं मान वर केली. आमच्या वहिनी उठून मुख्य वाढप्याकडे गेल्या व म्हणाल्या, "त्यांतलंच वाटीभर वरण आणि भात या बाईंना द्या, काय होतील ते पैसे घ्या." तो मनुष्य उद्धट नव्हता. अवघडून तो म्हणाला, "तें आमच्या माणसांचं जेवण आहे, पाहुण्यांना देतां येत नाहीं." वीस पावलांवर ऊन ऊन वरणभात असतांना आमच्या आत्याबाई काकडीच्या चकत्यांवर उठल्या.

बारा हजारांच्या घरांतलें बिल आलें. त्यांत शेंकडा दहा सेवाशुल्क आपोआप लावलेलें होतें. वाचकांच्या उपयोगासाठीं सांगून ठेवतों कीं, असें शुल्क बिलांत परस्पर लावूं नये, तें ग्राहकाच्या खुषीवर आहे, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें काढले, आणि मार्च २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें ते उचलून धरले. आम्हीं शांतपणें ही गोष्ट दाखवितांच तें शुल्क वजा करण्यांत आलें. वाढणाऱ्या मुलाच्या हातांत मात्र आम्हीं वेगळे पैसे ठेवले. कारण अपराध त्याचा नव्हता.

परततांना मोटारींत कोणी बोलेना. पुतण्या फारच ओशाळला होता. "आत्याआजी, तुम्हांला उगीच आणलं," असें तो म्हणाला. त्यावर आत्याबाईंनीं जें उत्तर दिलें, त्यासाठींच हा सर्व प्रपंच आम्हीं केला आहे. त्या म्हणाल्या, "तुझ्या पेल्याचं मला कांहीं वाटलं नाहीं रे. मी जेवलें कीं नाहीं, हें त्या घरांत कोणी विचारलं नाहीं, त्याचं वाटलं." पुढें दिंडोरी रस्त्याच्या कडेला एक शेतकरी पाट्या मांडून बसला होता. त्याच्याकडून दोन किलो द्राक्षें घेतलीं. घेण्यापूर्वींच त्यानें प्रत्येकाच्या हातांवर चार-चार मणी ठेवले होते.

हा प्रकार कां होतो, याचा थोडा विचार केला पाहिजे. केवळ चडफडून भागत नाहीं. आमच्या मतें त्याचें पहिलें कारण असें कीं, अशा ठिकाणीं धंद्याचें लक्ष बाटलीवर असतें आणि जेवण ही बाटलीची सोबतीण मानली जाते. जो घेत नाहीं, तो मग हिशेबांतूनच गळतो. वस्तुतः कुटुंबानें येणाऱ्या पाहुण्यांत घेणारे दोन आणि न घेणारे नऊ हेंच प्रमाण पुष्कळदां असावयाचें. दुसरें कारण, वाइन ही युरोपची, म्हणून तिच्याबरोबर पदार्थही तिकडचेच हवेत ही समजूत. तिकडचे पदार्थ चांगले करतां येत असतील तर अवश्य करावेत; आमचें त्यांच्याशीं वैर नाहीं. परंतु ज्याला पास्ता शिजवितां येत नाहीं, त्यानें पास्ता विकूं नये, आणि ज्याच्या मागल्या चुलीवर उत्तम वरण शिजतें, त्यानें तें लपवूं नये. तिसरें कारण, सुट्टीच्या दिवसाची गर्दी. तीनशें माणसांना पुरे पडेल एवढें स्वयंपाकघर नसतांना तीनशें माणसांना हो म्हणणें, यांत लोभ आहे, आणि लोभाचा स्वयंपाक नेहमींच कच्चा राहतो.

गंमत अशी कीं, ज्या युरोपचें अनुकरण करावयाचें, तेथील द्राक्षमळ्यांची परंपरा याच्या अगदीं उलट आहे. ऑस्ट्रियांत सम्राट दुसरा जोसेफ यानें १७८४ सालीं फर्मान काढून मळेवाल्यांना आपली वाइन आपल्या घरीं, खाद्यपदार्थांसह विकण्याची मोकळीक दिली. व्हिएन्नाच्या आसपास अशीं घरें अजून चालू आहेत. त्यांना 'हॉयरिगर' म्हणतात. दारावर हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली, म्हणजे आज घर पाहुण्यांना उघडें आहे असें समजावयाचें. आंत लांकडी बाकें, त्या वर्षाची ताजी वाइन, आणि पाव, चीज, लोणचीं असे तिथले साधे पदार्थ. इटलींत तर १९८५ सालीं आणि पुन्हां २००६ सालीं कायदे करून, शेतावर पाहुण्यांना जेवूं घालणाऱ्यानें आपल्या शेतांतील व आपल्या भागांतील जिन्नस वाढले पाहिजेत असें बंधन घातलें आहे. महाराष्ट्र शासनानेंही २०२० सालीं कृषि-पर्यटनाचें धोरण स्वीकारलें आहे. त्यामागेंही पाहुण्यानें शेत पाहावें, शेतांतलें खावें आणि त्याचे चार पैसे गांवांत राहावे, हाच हेतु आहे.

हे चार पैसे ही लहान बाब नाहीं. २००८ च्या अखेरीस मुंबईवर हल्ला झाला, जगभर मंदी आली, पर्यटक थांबले आणि वाइनचा खप एकाएकीं घटला. तेव्हां नाशिकच्या कित्येक शेतकऱ्यांचीं द्राक्षें पडून राहिलीं, आणि पुष्कळांनीं वाइनचे वेल उपटून पुन्हां खाण्याचीं द्राक्षें लावलीं. खाण्याचीं द्राक्षें कोणत्याही बाजारांत नेतां येतात. वाइनच्या द्राक्षांना मात्र कारखान्यावांचून गिऱ्हाईक नाहीं. म्हणून पाहुणा समाधानानें परत गेला कीं विटून गेला, याच्याशीं मालकाच्या गल्ल्याचा जेवढा संबंध आहे, त्याहून अधिक संबंध वेल लावणाऱ्याच्या संसाराचा आहे. भोजनगृहांतील आळस शेवटीं त्याच्या अंगणांत जाऊन पोंचतो.

तेव्हां मालकमंडळींना आमची विनंति अशी: पदार्थांचें पत्रक मराठींतही असावें. त्यांत त्या ऋतूंतले व त्या तालुक्यांतले चार पदार्थ तरी असावेत. हिंवाळ्यांत हुरडा आणि ओला हरभरा, वांग्याचें भरीत आणि भाकरी, त्र्यंबक-पेठकडील नागली आणि वरई, इगतपुरीचा तांदूळ, आणि द्राक्षांची दह्यांतली कोशिंबीर. यांतलें कांहींही दुर्मिळ नाहीं, महाग तर मुळींच नाहीं. न घेणाऱ्यांसाठीं आणि मुलांसाठीं ताजा द्राक्षरस असावा; जेथें टनावारी द्राक्षें पिळलीं जातात, तेथें चार घागरी रस बाजूला काढणें अवघड नसावें. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी, आणि वाइन थंड ठेवण्याची सोय टाक्यांइतकीच वाढण्याच्या जागींही करावी. सेवकांचें जेवण पाहुण्यांच्या जेवणाहून चांगलें होत असेल, तर आचाऱ्यांची अदलाबदल करावी.

आणि आमच्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात त्यांना, दोन शब्द. सहलीचा बेत घरांतील सर्वांत तरुण मनुष्यानें ठरवावा, पण जेवणाचा बेत सर्वांत वृद्ध मनुष्याच्या पानापासून ठरवावा. टेबल राखतांना पथ्याची गोष्ट केवळ सांगूं नये, "मग त्यांना तुम्ही काय वाढाल?" असें विचारून पदार्थाचें नांव घ्यावें आणि निघण्याच्या दिवशीं सकाळीं पुन्हां विचारावें. शक्य तर सुट्टीचा दिवस टाळून मधल्या वारीं जावें. वृद्धांसाठीं व मुलांसाठीं दोन दशम्या पिशवींत असूं द्याव्या. त्यांचें ओझें होत नाहीं. मोटार चालविणारानें पेल्यास हात लावूं नये, आणि हें घरून निघतांनाच सर्वांसमक्ष ठरलेलें असावें. जो घेतो त्यानें न घेणाऱ्याचें पान वाढलें गेल्यावरच आपला पेला उचलावा; आणि जो घेत नाहीं त्यानें दुसऱ्याच्या पेल्याकडे पाहून कपाळास आंठ्या घालूं नयेत. आत्याबाईंनीं आपला अर्धा भाग चोख पार पाडला होता, आणि मुलांनींही आपला. कमी पडलें तें पैसे घेऊन यजमानपण पत्करणारें घर.

नाशिकच्या बाजूला, किंवा सांगली-नारायणगांवकडे, कोणा वाचकास याच्या उलट अनुभव आला असेल, एखाद्या मळ्यांत आजीपासून नातवापर्यंत सर्वांना आपुलकीनें व पोटभर वाढलेलें पाहिलें असेल, तर त्यांनीं तें आम्हांस सविस्तर लिहून कळवावें. पदार्थ कोणते होते, पथ्याची विचारपूस कोणी केली, आणि एकंदर खर्च किती आला, एवढें त्यांत अवश्य असावें. पुतण्या तीन वर्षांनीं परत येईल. तेव्हां आत्याबाईंसह पुन्हां एकदां सर्वांनीं मिळून जावयाचें, असें घरांत आतांच बोलणें झालें आहे, आणि जागा शोधण्याचें काम आमच्याकडे आलें आहे.